पायरीवरचे टपाल

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या वाटेला लागले, की तिरुविडैमरुदूरच्या जवळ गोविंदपुरम् नावाचे लहानसे गाव आहे. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या सोबतीने मी तेथे गेले. वय झाल्यावर माणसाने यात्रा करावी, असे लोक म्हणतात. माझ्या जाण्यात यात्रेपेक्षा कुतूहल अधिक होते. कावेरीच्या खोऱ्यात, चहूकडे भाताची खाचरे असताना, पंढरपूरच्या विठ्ठलाचे मराठी धाटणीचे शिखर उभे आहे, असे ऐकले होते. ते खरे निघाले. हे मंदिर तसे नवेच, २०११ सालचे. परंतु तेथील गाभाऱ्यापुढे मंडळी बसून अभंग म्हणत होती आणि त्यांचा प्रत्येक ‘ख’ ‘क’ होऊन येत होता, तेव्हा मला आपण परक्या मुलखात आहोत असे क्षणभरही वाटले नाही.

दर्शन झाले. मला माझ्या धाकट्या बहिणीला पत्र टाकायचे होते. ती दापोली तालुक्यात, आमच्या मूळ गावी राहते. आम्हा दोघींचा जुना रिवाज असा, की प्रवासाला गेलेली जी असेल तिने तेथून एक कार्ड टाकायचे. दूरध्वनी आले, खिशातले दूरध्वनी आले, तरी हा रिवाज आम्ही मोडला नाही. बाहेर फुलांचे दुकान होते. दुकानदाराला हिंदी येईना, इंग्रजीही जेमतेम. मी हाताने पत्राचा आकार करून दाखवला आणि सवयीने म्हणाले, “टपाल?”

त्याचा चेहरा उजळला. “तपाल आफीस! अम्मा, तिरुविडैमरुदूर,” असे म्हणून त्याने रस्त्याकडे बोट केले.

उत्तरेत ज्याला डाक म्हणतात त्याला आपण टपाल म्हणतो, हे मी आयुष्यभर शिकवले. पण तमिळ, कन्नड, तेलुगू माणूसही तोच शब्द बोलतो, हे कानांनी प्रथमच अनुभवले. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या आंग्लभारतीय शब्दकोशातही हा शब्द दक्षिणेचा म्हणून नोंदला आहे आणि त्याची व्युत्पत्ती अस्पष्ट असल्याचे म्हटले आहे. मोल्सवर्थच्या कोशात तो आहेच. तमिळनाडूचे सरकारी पाटीवरचे शुद्ध नाव ‘अंजल’. पण फुलवाल्याच्या तोंडी तपालच. कोणत्या वाटेने कोण कोणाकडून हा शब्द घेऊन गेला, कोण जाणे. ज्या शब्दाचा अर्थच मुळी निरोप पोचवणे असा, त्याचा स्वतःचा पत्ता मात्र हरवलेला आहे.

तिरुविडैमरुदूरकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत आम्ही झाडाखाली बसलो. तेथे एक वृद्ध गृहस्थ होते. मी भाचीशी बोलताना ऐकून ते हळूच मराठीत बोलू लागले. ती मराठी तंजावरी. आपल्या कानांना जुन्या बखरीच्या पानावरून उठून आल्यासारखी वाटणारी, मध्येच तमिळ हेल घेणारी. अशा घराण्यांना इकडे ‘रायर’ म्हणतात. त्यांनी मला बोधेंद्रस्वामींच्या समाधीची हकीकत सांगितली. कांचीच्या पीठाचे हे आचार्य १६९२ साली येथे समाधिस्थ झाले. पुढे नदीच्या वाळूखाली ती जागा नाहीशी झाली. नंतर मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी वाळवंटातून चालत असता एका ठिकाणी त्यांना भूमीतून रामनाम ऐकू आले, आणि तंजावरच्या मराठी राजाच्या साह्याने तेथे अधिष्ठान उभे राहिले, अशी परंपरा आहे. हकीकत संपल्यावर मी त्यांना विचारले, की पूर्वी या बाजूच्या खेड्यांतून पत्रे कशी जात-येत? ते हसले. म्हणाले, त्यांच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे रामेश्वराला जाणारे यात्रेकरू हेच टपाल. देशावरून येणारा कोणी ओसरीवर उतरला की त्याला आधी पाणी, मग जेवण आणि मग प्रश्न: कोणाचे काही आणले आहे काय?

हे आपल्याकडेही तसेच होते. राजाला जासूद, सावकाराला स्वतःचे कासीद, बाकीच्यांना हस्ते-परहस्ते. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले, तेव्हा त्यांच्या खुशालीची खबर कोकणातल्या त्या खेड्यात कोणी आणि कशी आणावयाची? ‘माझा प्रवास’ वाचताना आपण झाशीच्या राणीकडे पाहत राहतो. माझे लक्ष मात्र न लिहिल्या गेलेल्या घराकडे जाते.

कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने टपाल सर्वांना खुले केले खरे. पण ते खुले म्हणजे किती? हशील अंतरावर आणि वजनावर, तेही रोख. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याच्या पत्रास एक रुपया, आग्र्याला बारा आणे. एक रुपया म्हणजे शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी. पुढे १८५४ च्या कायद्याने हे सारे बदलले. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या हिंदुस्थानात चालणारी तिकिटे आली आणि पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात, कितीही दूर, जाऊ लागले. बिनतिकिटी पत्रास मात्र घेणाऱ्याकडून दुप्पट. आमच्याकडे त्याला ‘नाटपेड’ म्हणत आणि ते आले की घरात दोन पक्ष पडत: घ्यावे की परतवावे.

तरीही हे सारे शहरांचे सुख होते. त्या वर्षी एवढ्या मोठ्या देशात टपाल कचेऱ्या सुमारे सातशे. त्यांच्यापलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांतून जी टपालवाट होती ती कलेक्टर, मामलेदार आणि पोलीस यांच्या कागदांसाठी; रयतेची पत्रे तिच्यातून गेली तर गेली. अर्धा आणा दिला की पत्र कुंभकोणमपर्यंत किंवा दापोलीपर्यंत येई. तेथून पुढचे दोन-चार कोस हाच खरा दूरचा प्रवास असे. खेड्यातल्या लोकांनी टपाल कचेरी मागितली ती या दोन-चार कोसांसाठी.

आणि मागितली म्हणजे मिळाली, असे नव्हते. खात्याचा हिशेब सरळ होता: कचेरीने आपला खर्च आपण काढला पाहिजे. गावाने अर्ज करावा. खात्याने त्या गावाला पत्रे किती येतात ते पाहावे. आशा दिसल्यास कचेरी प्रयोगादाखल उघडावी आणि उत्पन्न पुरेसे झाले तर कायम करावी, नाही तर बंद. ऐकायला न्याय्य वाटते. पण जेथे पत्र पोचतच नाही तेथे लोक पत्र लिहितील कशाला? खाते म्हणे, पत्रे दाखवा, मग कचेरी देऊ. गाव म्हणे, कचेरी द्या, मग पत्रे दाखवू. पुलाखालून पाणी वाहत नाही म्हणून पूल बांधत नाहीत. पण पुलावरून कोणी जात नाही म्हणून पूल नाकारावा, अशातली ही गोष्ट.

आमच्या गावाचीही हीच गोष्ट. ती मी आजीकडून ऐकली.

आजीचे वडील गावातील मराठी शाळेचे मास्तर होते. गाव खाडीपलीकडे. पत्रे तालुक्याच्या गावी येऊन पडत आणि बाजाराला गेलेला कोणी ती गठ्ठ्याने घेऊन येई. आजीच्या आत्याचे यजमान मुंबईला कारकुनी करीत. एका चैत्रात ते तापाने गेले. त्यांच्या बिऱ्हाडकरूने त्याच दिवशी कार्ड टाकले. पैशाचे कार्ड निघून तेव्हा काही वर्षे झाली होती. कार्ड तालुक्याला वेळेवर आले असावे. तेथे ते बाजाराच्या दिवसापर्यंत राहिले. मग गावातल्या एका भल्या माणसाने ते घेतले, पागोट्याच्या घडीत खोवले आणि तो विसरला. कार्ड घरी आले ते बाराव्या दिवशी. मधल्या दिवसांत आत्याने चैत्रगौर बसवली होती, घरोघर हळदीकुंकवाला बोलावणे केले होते, ओटी भरून घेतली होती.

यापुढचे सांगताना आजीचा आवाज उतरे. दुःख तर होतेच. पण लोकांनी त्या बाईला दुःखही नीट करू दिले नाही. नवरा गेलेला असताना हिने हळदीकुंकू केले, हे तिच्या माथी कायमचे बसले. ज्यांच्या घरी ती जाऊन आली होती त्या बायकांनी शांत करवून घेतली. पागोटेवाल्याला कोणी काही बोलले नाही. तो पुरुष होता आणि त्याने उपकार म्हणून पत्र आणले होते.

त्या पावसाळ्यात मास्तरांनी अर्ज लिहिला. गावाच्या सह्या घेतल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांच्या निशाण्या घेतल्या. पहिल्या अर्जाचे उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले, आणि त्यात पत्रांची संख्या विचारली होती. तेव्हा मास्तर स्वतः एक वही घालून बसले. तालुक्याहून जो गठ्ठा येई तो आधी शाळेत आणावा, असे त्यांनी सर्वांना विनवले आणि दर पत्र, दर मनिऑर्डर वहीत टिपू लागले. टपालाची मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली; त्याआधी पैसे पाठवणे हे हुंडीचे आणि सरकारी खजिन्याचे काम होते. मुंबईत गिरण्या, गोदी, घरगडीपण. गावात म्हातारी माणसे, बायका आणि मुले. कोकण मनिऑर्डरीवर जगते, हे वाक्य पुढे इतके गुळगुळीत झाले, की एकेक मनिऑर्डर कोणाच्या तरी दारात येताना पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. काही महिन्यांची वही अर्जाला जोडली गेली आणि कचेरी मिळाली. प्रयोगादाखल.

मुंबई इलाख्यात खेड्यांतल्या अशा कितीतरी कचेऱ्या शाळामास्तरांकडेच असत, हे जुनी गॅझेटिअरे चाळणाऱ्यांना ठाऊक आहे. शिक्षकाच्या पगारावर टपालाचा थोडा भत्ता. आमच्याकडेही तसेच झाले. शाळेच्या ओट्यावर एक पेटी, एक शिक्का, शाईची गादी. हलकारा घुंगुरकाठी वाजवीत खाडीच्या तरीपर्यंत येई आणि त्या आवाजाने वर्गातली मुले पाढे विसरत. आजी तेव्हा लहान होती. शिक्का मारायला मिळावा म्हणून ती वडिलांच्या मागे मागे असे.

लहानपणी मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावी. आमच्या पणजोबांनी गावाला टपाल आणले, याचा मला अभिमान होता. वर्गात निबंधातही मी ते लिहिले होते. आजी रंगात आली की बारीकसारीक सांगत सुटे. त्यातच एकदा, मी कॉलेजात असताना, ती म्हणाली, की वडील फार कनवाळू. महारवाड्यातली पत्रे ते कधी परत जाऊ देत नसत. दुपारी ती माणसे येऊन अंगणात उभी राहत. मग वडील त्यांचे पत्र किंवा पैसे ओट्याच्या खालच्या पायरीवर ठेवीत आणि मागे सरत. मग ते पुढे येऊन उचलीत. मनिऑर्डरीवर अंगठा घ्यायचा असे तो कागदही पायरीवर ठेवावा लागे. शाईची गादी त्यांच्यासाठी निराळी होती.

आणि तिने सहज भर घातली, “त्यांच्याच मनिऑर्डरी जास्त असत हो. पोस्ट टिकलं ते त्यांच्या जिवावर.”

तिच्या मनात काही नव्हते. मला मात्र त्या दिवशी ती वही निराळी दिसू लागली. आमच्या बाजूचे महार मुंबई लष्करात होते, गोदीत होते, गिरणीत होते. दापोलीला पेन्शनरांची वस्तीच होती. लष्करातून निवृत्त झालेले, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे दापोलीत राहून ‘दीनबंधू’सारख्या पत्रांत लिहीत होते, १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले आणि १८९४ साली लष्करभरती पुन्हा खुली व्हावी म्हणून विनंतीअर्ज तयार केला. म्हणजे आमचे मास्तर एका गावासाठी अर्ज लिहीत होते त्याच काळात, त्याच तालुक्यात, दुसरे एक शिकलेले गृहस्थ त्याहून मोठा अर्ज लिहीत होते. मास्तरांच्या वहीतली जी संख्या पाहून खात्याने कचेरी दिली, त्या संख्येचा मोठा भाग पायरीखाली उभा होता. अर्जावर त्यांच्या निशाण्या घेतल्या होत्या की नाही, हे मी आजीला विचारले नाही. विचारायचे धाडस झाले नाही, हे खरे.

आणखी एक गोष्ट आहे. कचेरी येण्यापूर्वी गावाचे टपाल कोण होते? सरकारी कागद पुढच्या गावाला पोचवणे, मेलेल्याची वर्दी त्याच्या सोयऱ्यांना कोसच्या कोस चालत जाऊन देणे, हे महाराच्या वतनी कामांपैकी काम. पाऊस असो, रात्र असो. वर्दी सांगून झाली की त्याला अंगणातूनच परत जायचे. शतकानुशतके ज्याने निरोप वाहिले, त्याचा स्वतःचा निरोप आला तेव्हा तो पायरीवर ठेवला गेला. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा, कचेऱ्या सर्वांना खुल्या करण्याचा ठराव मांडला तो १९२३ साली. मद्रासच्या कायदेमंडळात आर. वीरय्यन यांचा सार्वजनिक रस्ते आणि जागांविषयीचा ठराव १९२४ साली आला. मद्रासेकडे तर अडचण आणखी बिकट. टपाल कचेरी अग्रहारात असली तर पायरीपर्यंत जाणे दूरच, त्या रस्त्यावर पाऊल ठेवण्याचीही बंदी. शाई, शिक्का, लाल पेटी, सरकारचा हुकूम, सगळे गावात येऊनही गावातल्या काहींसाठी टपाल कचेरी दोन-चार कोस दूरच राहिली.

तंजावरी गृहस्थ माझ्या शेजारी बसून होते. मी त्यांना विचारले, त्यांच्या आजीच्या गावात कचेरी कोठे होती? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “अग्रहारातच.” मग आम्ही दोघेही बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिलो. त्यांना काय आठवले असेल ते मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. काही वेळाने त्यांनी विषय बदलला आणि कुंभकोणमचे माधवराव आमच्यातलेच बरे का, असे सांगू लागले. सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले. त्रावणकोर, इंदूर, बडोदे, तिन्ही ठिकाणी दिवाण झाले. त्रावणकोरला तर संस्थानचे स्वतःचे टपाल होते, अंचल नावाचे. त्याच्या पेट्या हिरव्या. दिवाणांना स्वतःच्या गावी पत्र टाकताना तांबडी पेटी शोधावी लागत असेल की हिरवी, असा एक निरर्थक प्रश्न माझ्या मनात आला. बस आली म्हणून तो तसाच राहिला.

तिरुविडैमरुदूरची कचेरी साधी होती. खिडकीशी तीन-चार बायका बचतखात्याची पुस्तके घेऊन उभ्या होत्या. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात टपाल कचेऱ्या २३,३४४ होत्या. आज त्या दीड लाखाच्या वर आहेत आणि त्यांतल्या बहुतेक खेड्यांत. पत्रे मात्र आटली. जुनी कागदी मनिऑर्डर २०१५ साली बंद झाली. आमच्या गावच्या कचेरीतही आता पेन्शन, बचत आणि कोणाचा तरी अंगठा, पण यंत्रावर, एकाच काचेवर सर्वांचा.

माझी पाळी आली. खिडकीआडच्या तरुण बाईंनी पन्नास पैशांचे कार्ड दिले. मी तेथेच फळीवर टेकून लिहिले. मंदिराचे लिहिले, अभंगाचे लिहिले, फुलवाल्याच्या तपालाचे लिहिले आणि अखेर जागा उरली तेवढ्यात पायरीविषयी दोन ओळी लिहिल्या. आजपर्यंत बहिणीला मी ते सांगितले नव्हते; आजीने ते मला एकटीलाच सांगितले होते. कार्ड परत दिले तेव्हा बाईंनी अक्षरे न्याहाळली. “हिंदी?” मी म्हणाले, “मराठी.” त्यांनी मान डोलावली, “पोगुम, पाट्टी,” म्हणाल्या आणि शिक्का मारला. जाईल, आजी. भाचीने अर्थ सांगायच्या आत मला तो कळला होता.

कार्ड नवव्या दिवशी पोचले. बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, “सगळं लागलं, शेवटच्या दोन ओळी तेवढ्या भिजून पुसट झाल्यात. काय लिहिलं होतंस?”

मी सांगितले. ती काही बोलली नाही. मला वाटले फोन तुटला. मग ती म्हणाली, “ताई, शाळेचा तो ओटा पाडला, तुला माहीत आहे ना? पायरीचा चिरा सार्वजनिक नळाखाली टाकलाय. बायका त्यावर कपडे धुतात. मीही धुतलेत.”

“कोणकोणत्या बायका?” मी विचारले.

“सगळ्याच,” ती म्हणाली. “पण अजून नंबर लावून.”